बटाट्याची सुट्टी

६ ऑगस्ट, मंगळवार

निकाल आले. राज्याच्या यादीत आमची शाळा वरून शोधत बसले असते तर जेवायची वेळ टळली असती, म्हणून खालून सुरुवात केली. लगेच सापडली.

दुपारी शिक्षण अधीक्षक व्हिटकॉम स्वतः आले, डोनटचा खोका घेऊन. हा माणूस गोड खायला घेऊन आला की समजायचं, कडू काहीतरी मागाहून येणार. दक्षिणेकडचा, समुद्राकाठचा माणूस. बटाटा त्याने ताटातच पाहिलेला. म्हणाले, वाईट निकाल एक वेळ खपवून घेता येतात, रिकामी बाकं नाही. एक ऑक्टोबरच्या गणतीत बेलफोंतेन मिडल स्कूल पन्नासच्या खाली गेलं, तर पुढच्या जूनमध्ये कुलूप. मग आमची सहावी ते आठवीची पोरं अर्धा तास बसमध्ये हिंदकळत मार्लोला जाणार. आत्ता पटावर अठ्ठावन्न आहेत. गेल्या वर्षी चार घरं तिकडे गेलीच, मार्लोचे निकाल चांगले म्हणून.

मुख्याध्यापिका होऊन मला सहा वर्षं झाली, पण आजच्यासारखी तळमळ कधी झाली नव्हती. ते गेल्यावर मी स्वस्थ बसू शकले नाही. वरच्या मजल्यावरची सगळी कपाटं हलवून पाहिली आणि होती तिथेच परत ठेवली.

मग सुचलं. आमचं घोडं दर वर्षी कुठे अडतं? बटाट्याच्या सुट्टीत. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होते, पोरं जरा रुळतात, आणि सप्टेंबरच्या मध्याला तीन आठवडे शाळा बंद. का, तर बटाटे काढायचे. परत येतात तेव्हा अपूर्णांक मातीत पुरून आलेली असतात. मार्लोलाही ही सुट्टी असते हे खरं, पण मार्लोची गोष्ट वेगळी. तिकडे नवी प्रयोगशाळा आहे.

मीसुद्धा टोपली घेऊन बटाटे वेचलेत. सकाळी बोटं अशी बधिर व्हायची की दुपारपर्यंत पेन्सिल धरवत नसे. पण तेव्हा गरज होती. आता यंत्रं आली. पोरं हार्वेस्टरवर उभी राहून सरकत्या पट्ट्यावरचे दगड नि ढेकळं बाजूला काढतात, एवढंच. तेवढ्यासाठी बीजगणित बुडवायचं?

९ ऑगस्ट, शुक्रवार

जिंकले. काल संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये शिक्षण मंडळाची सभा झाली. ठराव माझा: मिडल स्कूलची बटाट्याची सुट्टी यंदापासून रद्द. हायस्कूलची राहू दे, ती पोरं मोठी आहेत. मी अर्धा तास बोलले, तक्ते दाखवले, घसा बसला. व्हिटकॉम मान डोलवत होते.

जिम भरलेली होती. पुरुष टोप्या गुडघ्यावर ठेवून बसले होते, बायका माझ्याकडे पाहत होत्या. अध्यक्षांनी तीनदा विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का? एक शब्द नाही. मी तर भांडणाची तयारी करून गेले होते.

शेवटी मागच्या रांगेतून ल्युसिएन उठला. माझा थोरला भाऊ. वडिलांची सगळी शेती तोच करतो. मला धडकीच भरली, कारण ल्युसिएन गान्यों बोलला की निम्मं गाव तसंच बोलतं. तो उभा राहिला, तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माना वळवल्या. बराच वेळ तसाच उभा होता. मग खाली बसला. त्याचं वाक्य मी मनातच पुरं केलं: बहीण बोलली त्यापुढे मी काय बोलणार. भाऊ असावा तर असा. पुढच्या मिनिटाला हात वर झाले आणि ठराव मंजूर.

जाताना त्याला मिठी मारावी म्हणून धावले, तर तो आपल्या लेकीबरोबर, एलीझबरोबर, ट्रकमध्ये बसून निघूनही गेला होता. गाडी एलीझ चालवत होती. बारा वर्षांची पोर, आणि गावातल्या रस्त्यावर. रविवारी खडसावते.

२५ ऑगस्ट, रविवार

शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरोघर हिंडते आहे. एकही मूल मार्लोला जाता कामा नये. माडाम प्लुर्दकडे गेले, तिची तिघं आमच्याकडे आहेत. तिने कुट्टूच्या पिठाचे धिरड्यासारखे गरम प्लोय वाढले, वर लोणी, कॉफी दोनदा. सुट्टीचा विषय काढला की ती "हो, हो" म्हणायची आणि पाऊस कमी झाल्याचं सांगायची. ती एकटी नाही, सगळी घरं अशीच. कोणी नाही म्हणत नाही. माझं काम सोपं झालंय.

आज जेवायला ल्युसिएनकडे. त्याची बायको क्लोडेत वारल्यापासून त्या घरात स्वयंपाक एलीझच करते. ही माझी एकुलती एक भाची. शाळेत मला "मिस गान्यों" म्हणते आणि घरी आमच्या फ्रेंचमध्ये "मातांत", म्हणजे आत्या. सातवीत आहे, आणि गणितात अख्ख्या शाळेत तिच्या जवळपास कोणी नाही. तिला पुढे शिकायला पाठवायचं मी केव्हाच ठरवून टाकलंय. बापाला अजून सांगायचंय.

ल्युसिएनचं मात्र काही खरं नाही. डावा हात टेबलावर, उजवा कायम खिशात, हॉटेलात बसलेल्या छानछोक्यासारखा. मांस एलीझनेच कापून दिलं. मी म्हटलं, लाडावून ठेवलंयस त्याला. तिने पुढचा तुकडा कापायला घेतला. त्याचं बोलणंही जडावलंय, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा. लहानपणापासून त्याची वाक्यं पुरी करायची मला सवय आहे म्हणून निभावलं.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "जेर्मेन, सकाळची... शाळा केली तर? दुपारी..."

"दुपारी पोरं तुझ्या शेतावर, असंच ना? आणि माझं बीजगणित कोण शिकवणार, तू?"

तो हसला, तेही अर्ध्याच तोंडाने. पूर्वी हा हसला की घर दणाणायचं. एकटेपणा माणसाला असा पोखरतो. दोन घोट जास्त होत असणार, दुसरं काय. निघताना कपाटातली व्हिस्कीची बाटली उचलून माझ्या गाडीत टाकली. सील फोडलेलं नव्हतं, पण खबरदारी बरी.

एलीझला गाडी चालवण्यावरून बोलले. "पापाने सांगितलं म्हणून," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

५ सप्टेंबर, गुरुवार

शेतावरचा पाला करपायला लागला. आता चिठ्ठ्या सुरू झाल्यात. आमच्या मुलाला तीन आठवडे घरी ठेवायची परवानगी द्यावी. आमच्या मुलीला पोटदुखी होणार आहे, साधारण सोळा तारखेपासून. ही पोटदुखी इतकी वक्तशीर आहे की मला हसू आलं. एकालाही परवानगी दिली नाही. एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते, मग ठराव कशाला केला?

शिक्षकांच्या खोलीत मी गेले की बोलणं थांबतं. असू दे. चांगलं काम करणाऱ्याला वाईटपणा घ्यावाच लागतो.

१६ सप्टेंबर, सोमवार

काढणी सुरू. पहाटे कॉफी टाकून रेडिओ लावला, सवयीने. आमच्या गावच्या रेडिओवर ओमेर या दिवसांत उजाडायच्या आत शेतकऱ्यांना फोनवरून बोलू देतो: कुणाचं शेत आज सुरू, कुणाला किती माणसं हवीत, कोण उद्यावर ढकलतंय. हिवाळ्यात याच ओमेरला मी पहाटे फोन करते आणि तो सांगतो, बर्फामुळे आज शाळा बंद.

दर वर्षी पहिला आवाज ल्युसिएनचा असतो. "गान्योंच्या शेतावर या, काम फार आणि जेवण बरं," असं काहीतरी बोलून तो सगळ्या खोऱ्याला हसवतो. आज त्याचं नावच नाही. रुसलाय. चाळिशी उलटून दशक झालं तरी रुसतो.

शाळेत बाकं अर्धी रिकामी होती. एलीझही नाही. जे आले त्यांना मी स्वतः गणित शिकवलं. खिडकीतून प्लुर्दांचं हार्वेस्टर दिसत होतं आणि सगळी पोरं तिकडे पाहत होती. मी पडदा ओढला, तर त्यामागून आवाज येत राहिला.

गैरहजेरी मांडून ठेवलीय. आठवड्याभरात सगळे वठणीवर येतील.

१८ सप्टेंबर, बुधवार

मार्लोच्या मुख्याध्यापकांचा फोन. फार सभ्य माणूस, इतका सभ्य की राग यावा. म्हणाले, तुमच्या गावातून आमच्याकडे पंधरा मुलांचे अर्ज आलेत, तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतो.

मला आधी कळेचना. मार्लोची शाळा तर बंद आहे, तिथे बटाट्याची सुट्टी चालू आहे. मग डोक्यात उजेड पडला. म्हणूनच तर. पोरांनी बंद शाळेत नाव घातलंय. आमच्या उघड्या शाळेपेक्षा त्यांची बंद शाळा बरी.

निकाल सुधारले की घरं टिकतील, असा माझा हिशेब होता. तो पाहता पाहता माझ्याच अंगावर आला. प्लुर्दांची तिन्ही गेली. हो, हो म्हणत प्लोय वाढणारी ती बाई.

दिवसभर व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. भिंतीवरचा रंग उडालाय तिथे रंग लावायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पंधराव्या अर्जावर नाव: एलीझ गान्यों. सही बापाची, तीही वेडीवाकडी, घाईघाईत उरकल्यासारखी. माझ्या तोंडावर मारण्यासाठी सहीसुद्धा धड करावीशी वाटली नाही त्याला.

शाळा सुटायची वाट न पाहता शेतावर गेले. ट्रॅक्टर एलीझ चालवत होती. पट्ट्याशी दोनच म्हातारी माणसं, आणि काम गोगलगायीच्या चालीने. ल्युसिएन बांधावर खुर्ची टाकून बसला होता. सगळं गाव घाम गाळतंय आणि हा खुर्चीत.

"तूसुद्धा?" मी म्हटलं. "गावातल्या सगळ्यांनी पाठ फिरवली तरी चाललं असतं, पण तू? माझी शाळा बंद पाडायला तुझीच पोरगी?"

तो उठायला लागला. खुर्चीचा हात धरून कसाबसा उठला.

"मला... पोर लागते, जेर्मेन. तीन आठवडे. मग..."

"मग काय? मग परत पाठवशील? गणती एक तारखेला आहे. मोठी माणसं पगारावर ठेव की."

"कोण येतं? सगळ्यांची... शेतं..."

पुढचं मी ऐकलं नाही. म्हटलं, आईवडिलांनी शेत तुला दिलं आणि मला पुस्तकं दिली, आता तुला पुस्तकंही काढून घ्यायचीत. फार वाईट बोलले. त्याने तोंड फिरवलं. मी उत्तराची वाट पाहिली आणि तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, एका हाताने खुर्ची धरून. एलीझने ट्रॅक्टर थांबवला होता. ती लांबूनच पाहत होती.

परत येताना गाडी बाजूला घेऊन रडले. कुठेतरी लिहायला हवं म्हणून इथे लिहिते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

गणती झाली. त्रेचाळीस.

संध्याकाळी मंडळ बसलं आणि पंधरा मिनिटांत उठलं. जूनमध्ये कुलूप. पुढच्या ऑगस्टपासून सगळी मार्लोला. व्हिटकॉम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुम्ही प्रयत्नांची शर्थ केलीत. यावेळी डोनट आणले नव्हते.

जे राहिलेत त्यांची चाचणी घेतली. गणितात बरी सुधारणा आहे. हे कोणाला सांगू?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हिमवादळामुळे शाळा बंद. सविस्तर नंतर.

६ ऑक्टोबर, रविवार

आता कुठे पेन धरवतंय. बोटं लहानपणीसारखी बधिर झालीत.

शुक्रवारी पहाटे रेडिओ लावला. सोमवारपासून कडक थंडी, जमीन गोठेल, शेतात राहिलेलं पीक गेलं म्हणून समजा, असं ओमेर सांगत होता. मग म्हणाला, आता गान्योंच्या शेतावरून. आणि एलीझचा आवाज आला. घाबरलेला, पण नीट.

"ल्युसिएन गान्योंच्या शेतावर माणसं हवीत. अजून निम्मं शेत काढायचं राहिलंय. लहान मुलंही चालतील. जेवण..." इथे ती अडखळली. "जेवण बरं आहे."

माझा संताप संताप झाला. स्वतःची लाज झाकायला लेकरू पुढे करतो? तशीच ओमेरला फोन लावला. म्हटलं, तिच्या बापाला स्वतः बोलायला काय होतं?

ओमेर म्हणाला, "त्याला फोनवर बोलता येत नाही, जेर्मेन. जुलैत अर्धांगाचा झटका आला ना. जीभ आणि उजवा हात. तुला कोणी सांगितलं नाही?"

मी फोन ठेवला. कॉफी उतू गेली, ती तशीच जाऊ दिली. खिशातला हात, अर्धं हसू, कापून दिलेलं मांस, ती वेडीवाकडी सही. न फोडलेली बाटली तर अजून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आहे. आणि ती सभा. तोंड उघडून उभा राहिलेला माझा भाऊ, आणि जिममधला प्रत्येक माणूस त्याच्याकडे पाहत असलेला. सगळ्यांना ठाऊक होतं. तो बोलू शकला नाही म्हणून कोणीच बोललं नाही. आणि मी मनात म्हणत होते, भाऊ असावा तर असा.

परत ओमेरला फोन केला.

"लिहून घे. बेलफोंतेन मिडल स्कूल आज हिमवादळामुळे बंद."

"जेर्मेन, बाहेर चांदण्या आहेत."

"मला हिमवादळ दिसतंय, ओमेर. वाच."

त्याने वाचलं, आणि वाचताना त्याला हसू आवरलं नाही. पुढे स्वतःच्या मनाने म्हणाला, हे वादळ गान्योंच्या शेतावर सगळ्यात जोराचं आहे, गरम कपडे घालून या.

उजाडताना मी पोचले तेव्हा माझ्या त्रेचाळिसांपैकी बरेचसे आलेले होते, मार्लोवाले पंधराही, आणि तिन्ही शिक्षक. माडाम प्लुर्द मोठं पातेलं घेऊन आली; त्यांचं शेत आदल्या दिवशी संपलं होतं. कोणी माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं नाही. मला हातमोजे दिले आणि पट्ट्याशी उभं केलं, एलीझच्या समोर. ट्रॅक्टर प्लुर्द चालवत होता.

पट्टा सुरू झाला. माती, दगड, बटाटे, सगळं धावत येतं आणि विचार करायला सवड नसते. मी एक बटाटा फेकला आणि दगड पुढे सोडला.

"उलटं, मातांत," एलीझ म्हणाली. "दगड काढायचे."

थोड्या वेळाने मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती पट्ट्यावरून नजर न काढता म्हणाली, "पापाने शपथ घातली होती. म्हणाला, मातांतला कळलं की ती मला गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेईल आणि येताना शेत विकून येईल."

मी तसंच केलं असतं. एका दिवसात. वाद घालायला जागाच नव्हती, म्हणून दगड काढत राहिले.

दुपारी व्हिटकॉमचा फोन आला. म्हणाले, मिस गान्यों, मी खिडकीबाहेर पाहतोय, आकाश निळं आहे. म्हटलं, तुमच्याकडे असेल. याचं जे काही व्हायचं ते होईल. कुलूप तर आधीच ठरलंय, आणखी काय लावणार?

काल आणि आज मिळून उरलेलं शेतही संपलं. शेवटचा ट्रक कोठारात गेला तेव्हा ल्युसिएन अंगणात उभा होता. त्याने डाव्या हाताने टोपी काढली. पोरं टाळ्या पिटायला लागली तशी लगेच परत घातली.

मघाशी त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो. बाटली मी कपाटात परत ठेवली. त्या दिवशी शेतावर बोलले त्याची माफी मागितली, तर त्याने हात हलवून ती उडवून लावली. मग जे शुक्रवारपासून डोक्यात होतं ते विचारलं.

"ऑगस्टमध्ये सभेत उठला होतास. काय बोलणार होतास?"

त्याने कप खाली ठेवला. तोंड उघडलं, शब्द आला नाही. मला सवयीप्रमाणे दहा वाक्यं सुचली. माझ्या ठरावाविरुद्ध, माझ्या शहाणपणाविरुद्ध, सगळी मला लागू पडणारी. मी ओठ घट्ट मिटून बसले. एलीझही थांबली, फडकं हातात तसंच.

"म्हणणार होतो," तो म्हणाला, "जेर्मेनचं... बरोबर आहे. सुट्टी... बंद करा." मग बराच वेळ गेला. "फक्त... या वर्षी... नको."

एलीझने त्याचा कप भरला आणि मग माझा. उद्या सोमवार. शाळा वेळेवर भरेल, त्रेचाळीस मुलांची.